तारीख की दिनांक? एका यादीची गोष्ट

गेल्या वर्षी बँकेत गेलेल्या एका पत्रावर एका मुलीचे नाव असे छापले गेले: 'शिष्यवृत्तीसाठी अर्ज शेख' आणि पुढे तिचे व वडिलांचे नाव. बँकेने पत्र परत पाठवले. खात्यावर असे नाव नाही, एवढाच शेरा होता. त्यात बँकेची काही चूक नव्हती. पैसे महिनाभर उशिरा मिळाले, तोवर तिच्या वडिलांनी उसनवारी करून फी भरली. चूक कोणाची, याचा शोध घेत गेलो तेव्हा ती माझीच निघाली.

झाले होते असे. आमच्या भागातली एक छोटी शैक्षणिक संस्था दरवर्षी मुलामुलींना शिष्यवृत्ती देते. अर्ज संगणकावर घ्यायचे ठरले. मोफत मिळणारे एक सॉफ्टवेअर कोणीतरी शोधून काढले, पण ते इंग्रजीत होते. मराठी करायचे काम दोघांनी वाटून घेतले, मी आणि एक निवृत्त शिक्षक. त्यांना सगळे नुसते 'सर' म्हणतात. सरांच्या वाट्याला वैयक्तिक माहितीची पाने आली. माझ्या वाट्याला संस्थेच्या कामकाजाची पाने आली, म्हणजे अर्जांची यादी, मंजुरी, पत्रे वगैरे. दोघांनी आपापल्या फायली केल्या. मी त्या एकाखाली एक चिकटवल्या, माझी वर, सरांची खाली.

संगणकाने ती फाइल घ्यायला नकार दिला. अमुक ओळीवरचा शब्द दुसऱ्यांदा आला आहे, पहिल्यांदा तो तमुक ओळीवर होता, अशी तक्रार करत त्याने भलीमोठी यादी दाखवली. दुहेरी नोंदी काढून टाकणारे एक छोटे अवजार असते, ते चालवले. जिथे आम्हा दोघांचे मराठी सारखे होते तिथे त्याने गुपचूप एक नोंद ठेवली. जिथे वेगळे होते तिथे दोन्ही शब्द एकाखाली एक लिहून मध्ये फुल्या आणि रेघांची एक पट्टी ओढली आणि नोंदीवर 'संदिग्ध' असा शिक्का मारला. अशा नोंदी पडद्यावर मराठीत दिसत नाहीत, तिथे इंग्रजीच राहते. अर्ज सुरू व्हायला दोन दिवस उरले होते. त्याच अवजाराला एक हुकूम देता येतो: भांडण असेल तिथे पहिला शब्द घे. मी तो दिला. पहिली फाइल माझी होती, त्यामुळे सगळीकडे माझा शब्द राहिला. सरांना विचारले नाही.

मूळ इंग्रजीत 'टायटल' हा शब्द दोन ठिकाणी होता. अर्जदाराच्या नावाआधीच्या चौकटीत तो श्री., श्रीमती यासाठी होता, सरांनी तिथे 'उपाधी' लिहिले होते. माझ्या पानावर तो पत्राच्या मथळ्यासाठी होता, मी 'शीर्षक' लिहिले होते. आता नावाआधीची चौकट विचारू लागली: शीर्षक? त्या मुलीने शहाण्यासारखा विचार करून लिहिले, 'शिष्यवृत्तीसाठी अर्ज'. दुसरीकडे 'स्टेट' हा शब्दही दोनदा होता. सरांचे 'राज्य', माझी 'स्थिती'. पत्त्याखाली मुलांना दिसत होते, 'स्थिती: महाराष्ट्र'. त्यावर कोणी तक्रार केली नाही, हे आपल्या लोकांच्या सोशिकपणाबद्दल बरेच काही सांगते.

मग मी ही भानगड मुळात कुठून आली ते वाचत बसलो. इतिहासाची खोड आहे, दुसरे काय.

संगणकावरचे शब्द प्रोग्रामच्या पोटातून बाहेर काढून वेगळ्या फायलीत ठेवायचे, म्हणजे प्रोग्रामला हात न लावता भाषा बदलता येईल, ही कल्पना १९८० च्या दशकात रुजली. ॲपलच्या १९८४ च्या मॅकिंटॉशमध्ये मेनू आणि चौकटींतले शब्द असे वेगळे ठेवलेले होते. युनिक्सच्या जगात दोन पंथ पडले. पहिला पंथ आकड्यांचा: प्रत्येक वाक्याला एक क्रमांक, आणि भाषेप्रमाणे त्या क्रमांकासमोर वेगळे वाक्य. 'कॅटगेट्स' म्हणतात त्याला. दुसरा पंथ सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीत सुरू झाला, त्याचे नाव 'गेटटेक्स्ट'. त्यात क्रमांकाची भानगड नाही. इंग्रजी वाक्य हीच किल्ली. प्रोग्राम लिहिणाऱ्याने इंग्रजीत 'फाइल सापडली नाही' असे लिहायचे, यंत्र त्या वाक्यासमोरचे भाषांतर शोधते, न मिळाल्यास इंग्रजीच दाखवते.

दुसरी पद्धत प्रोग्रामरांना आवडली, कारण त्यांना फारसे काही बदलावे लागत नव्हते. १९९४ च्या जुलैत पॅट्रिक डिक्रूझ यांनी जीएनयू प्रकल्पातली फायली हाताळणारी अवजारे बहुभाषिक करायचे मनावर घेतले. त्यातून चर्चा वाढत गेली आणि उलरिख ड्रेपर यांनी गेटटेक्स्टची मुक्त आवृत्ती लिहिली, ती १९९५ मध्ये आली. पुढे लिनक्सवरचे बहुतेक सगळे त्याच वाटेने गेले. युनिक्सचे अधिकृत मानक ठरवणाऱ्यांनी मात्र गेटटेक्स्टला आपल्या पुस्तकात जागा दिली ती २०२४ मध्ये. जगाने वापरून जुने केलेले नाणे सरकारी टांकसाळीने मग अधिकृत ठरवावे, तसे.

दोन्ही पंथांचे दुखणे एकमेकांच्या उलट आहे. क्रमांकाच्या पद्धतीत 'रद्द करा' हे बटण चाळीस ठिकाणी असेल तर चाळीस क्रमांक. भाषांतरकार चाळीस वेळा तेच लिहितो, आणि तीन महिन्यांनी लिहिताना मागचे आठवत नाही. मग एका पानावर 'रद्द करा', दुसऱ्यावर 'नको', तिसऱ्यावर 'मागे घ्या'. वापरणाऱ्याला वाटते, ही तीन वेगळी कामे आहेत. गेटटेक्स्टमध्ये हे होत नाही. इंग्रजी एक असेल तर नोंद एकच, कितीही ठिकाणी वापरा. पण इंग्रजीत एक असलेला शब्द आपल्याकडे एक असतोच असे नाही. 'ओपन' हा हुकूम असेल तर 'उघडा', अवस्था असेल तर 'उघडे'. 'नन' या शब्दाची तर मराठीत फजितीच आहे: रंग असेल तर 'कोणताही नाही', भाषा असेल तर 'कोणतीही नाही', चित्र असेल तर 'कोणतेही नाही'. इंग्रजीला लिंगाचे काही पडलेले नाही, तिला हे तीन शब्द वेगळे असू शकतात हे सुचतही नाही.

या विषयातले सगळ्यांच्या ओळखीचे उदाहरण मे महिन्याचे आहे. इंग्रजीत महिन्यांची लांब नावे आणि आखूड नावे वेगळी असतात, जानेवारीचे 'जॅन', फेब्रुवारीचे 'फेब'. फक्त 'मे' दोन्हीकडे 'मे'. त्यामुळे अकरा महिन्यांच्या दोन-दोन नोंदी होत आणि मे महिन्याची एकच. स्पॅनिशवाल्याला लांब नाव 'मायो' हवे, आखूड 'माय' हवे, पण लिहायला जागा एकच. मराठीला या ठिकाणी त्रास नाही, आपला मे तो मेच. कधीतरी आपलीही बाजू लागते.

यावर लोकांनी जुगाड केले. केडीईवाल्यांनी इंग्रजी शब्दाआधी एक खूण करून संदर्भ लिहायला सुरुवात केली, म्हणजे 'हा मे आखूड आहे' अशी सूचना शब्दालाच चिकटवायची. ग्नोमवाल्यांनी संदर्भ आणि शब्द यांच्यामध्ये उभी रेघ टाकली. भाषांतरकाराने सूचना सोडून फक्त शब्दाचे भाषांतर करायचे, एवढे त्याला कळले पाहिजे. नवख्याला ते कळतेच असे नाही, मग सूचनेचेही भाषांतर होते. शेवटी २००६ मध्ये गेटटेक्स्टच्या ०.१५ या आवृत्तीत संदर्भासाठी स्वतंत्र ओळ आली. आता 'स्टेट' दोनदा लिहिता येतो, एकाच्या वर 'पत्ता' अशी ओळ, दुसऱ्याच्या वर 'अर्ज'. यंत्राच्या दृष्टीने किल्ली म्हणजे संदर्भ आणि शब्द मिळून, मध्ये एक न दिसणारे चिन्ह. आमच्या सॉफ्टवेअरला ही सोय होती. ते लिहिणाऱ्याने ती वापरली नव्हती, कारण त्याला इंग्रजीत दोन 'स्टेट' एकाच ठिकाणी आलेले कधी टोचलेच नसणार.

हे वाचताना मला सारखा आठवत होता राज्यव्यवहारकोश.

शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक १६७४ चा. त्या वेळी अष्टप्रधानांना संस्कृत पदनामे दिली गेली. पेशव्याचे मुख्य प्रधान, मुजुमदाराचे अमात्य, सुरनिसाचे सचिव, वाकनिसाचे मंत्री, डबीराचे सुमंत, सरनोबताचे सेनापती. पाठोपाठ, १६७७ च्या सुमारास, रघुनाथपंत हणमंते यांच्या नावावर असलेला हा कोश तयार झाला. राजवर्ग, दुर्गवर्ग, लेखनवर्ग, पण्यवर्ग असे त्याचे दहा वर्ग आहेत. दरबारात, गडावर, कचेरीत, बाजारात वापरले जाणारे फारसी-अरबी शब्द आणि त्यांना संस्कृत प्रतिशब्द, सगळे श्लोकांत बांधलेले.

आपल्याकडे या कोशाचे नाव निघाले की दोन बाजूंनी दोन प्रकारची भाषणे सुरू होतात. मला ती दोन्ही कंटाळवाणी वाटतात. मी त्याच्याकडे गेटटेक्स्टची फाइल म्हणून पाहतो. एका बाजूला किल्ली, दुसऱ्या बाजूला भाषांतर. यात किल्ली आहे फारसी शब्द, कारण कारकुनाला तोच माहीत होता. महाराजांच्या कारभारात फारसी पत्रव्यवहारही होताच, त्यासाठी काजी हैदर नावाचे मुनशी होते. सतराव्या शतकात मराठी कचेरीत कोणकोणते फारसी शब्द रोजच्या वापरात होते, हे आज जाणून घ्यायचे असेल तर तेही याच कोशात सापडते. जे शब्द बदलायचे होते त्यांची इतकी व्यवस्थित यादी दुसऱ्या कोणी करून ठेवलेली नाही.

आणि बदलले काय? सेनापती राहिला, सचिव राहिला, अमात्य राहिला. पेशवा मात्र गेला नाही. बाजीरावांच्या शिक्क्यात 'पंतप्रधान' आहे, लोकांच्या तोंडी 'पेशवे'. शंभर वर्षे एकाच पदाला दोन शब्द चालले. मधल्या काळात कोणी दुहेरी नोंद म्हणून एक खोडला नाही, कारण दोघांच्या जागा वेगळ्या होत्या. शिक्का एक जागा, बोलणे दुसरी जागा. पुढे फडणीस आणि चिटणीस ही फारसी शेपट्यांची नावे तर लोकांची आडनावे होऊन बसली.

तारखांचे तर विचारूच नका. पेशवाईतले एखादे पत्र उघडा. त्यात 'छ' हे अक्षर दिसते, चंद्राची खूण, आणि पुढे हिजरी महिन्याचा दिवस, रबिलावल किंवा जिल्काद. वर्ष शुहूर सनाचे, तेही आकड्यांत नाही, अरबी संख्याशब्दांत: इहिदे, इसन्ने, सलास, अर्बा, खमस. हा सन सूर्य मृग नक्षत्रात गेला की सुरू होतो, म्हणून त्याला मृगसालही म्हणत, शेतसाऱ्याला सोयीचा. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन निघतो. शिवाय शालिवाहन शक आहेच, आणि १६७४ नंतर राज्याभिषेक शकही. एक दिवस, चार नावे. इतिहास संशोधकांचे आयुष्य या चारांचा मेळ घालण्यात जाते, आणि मेळ बसला नाही की कळते, पत्र बनावट आहे. दुहेरी नोंदीचा असाही उपयोग असतो.

मराठी ब्राह्मण कारकून अरबी आकड्यांत साल लिहितो आणि हिजरी महिना लिहितो, हे मी शाळेत कधी ऐकले नव्हते. आमच्या घरी मोहरम, सफर, रबिलावल ही नावे आजीच्या तोंडी असत, आणि मला वाटायचे ती फक्त आमच्या घरची आहेत.

'तारीख' हा शब्द त्याच वाटेने आला, अरबीतून. 'दिनांक' हा सावरकरांनी सुचवलेला. महापौर, क्रमांक, हुतात्मा हेही त्यांच्याच भाषाशुद्धीच्या मोहिमेतले, आणि ते रुळले हे मान्य करायला हवे. याच वादात एक गमतीदार माणूस आहे, माधव जूलियन. फारसीचे प्राध्यापक, मराठीत गझल आणणारे कवी, १९२५ मध्ये फारसी-मराठी कोश करणारे, आणि पुढे भाषाशुद्धीच्या बाजूने पुस्तक लिहिणारेही तेच. एकाच माणसात दोन्ही फायली चिकटवलेल्या.

महाराष्ट्र राज्य झाले त्याच वर्षी, १९६० मध्ये, सरकारने भाषा संचालनालय काढले. लवकरच पदनाम कोश आला, आणि त्याला 'बदनाम कोश' म्हणून हिणवणारेही निघाले. कलेक्टरचा जिल्हाधिकारी झाला आणि रुळला. गंमत अशी की त्यातला 'जिल्हा' अरबी आणि 'अधिकारी' संस्कृत. कोणाला खटकत नाही. संगणक मराठीत आला तेव्हा हीच मारामारी नव्याने सुरू झाली. फाइलला कोणी फाइल म्हणे, कोणी संचिका, कोणी धारिका. एकाच संगणकावर तीन प्रोग्रामांत तीन शब्द. २००८ च्या सुमारास पुण्यातून, रेड हॅट कंपनीतल्या भाषांतरकारांच्या पुढाकाराने, 'फ्यूएल' नावाचा प्रकल्प सुरू झाला. मेनूंत वारंवार येणारे शब्द एका यादीत घ्यायचे, भाषेच्या जाणकारांनी आणि भाषांतरकारांनी एकत्र बसायचे, आणि प्रत्येक शब्दाला एक प्रतिशब्द ठरवायचा. मला यात सर्वांत महत्त्वाचे वाटते ते एकत्र बसणे. मी तेच टाळले होते.

म्हणून एका रविवारी सरांकडे गेलो. घडलेले सगळे सांगितले. ते रागावतील असे वाटले होते. त्यांनी चहा मागवला आणि म्हणाले, "म्हणजे माझी अर्धी फाइल तू न वाचताच पुसलीस?" मी हो म्हणालो. "मग आता वाच."

दोघांनी मिळून पट्ट्या ओढलेल्या सगळ्या नोंदी पुन्हा काढल्या. साठेक निघाल्या. पुष्कळशा ठिकाणी इंग्रजी एक असले तरी आम्ही दोघांनी वेगवेगळी पाने पाहून लिहिले होते, दोघेही बरोबर होतो. 'स्टेट', 'टायटल', 'ऑर्डर' (सरांचा क्रम, माझा आदेश), 'इश्यू' (सरांची अडचण, माझे 'द्या'). या सगळ्यांना प्रोग्रामरकडून संदर्भाच्या ओळी घालून घेतल्या आणि नोंदी दोन केल्या. काही ठिकाणी दोन शब्दांचा अर्थ एकच होता, तिथे एक निवडला. 'परवानगी' आणि 'अनुमती' यांत सरांनीच अनुमती खोडली. म्हणाले, मुले घरी परवानगी मागतात. 'डिलीट'ला माझे 'नष्ट करा' होते, त्यांचे 'काढून टाका'. नष्ट वाचून पोरे घाबरतील, हे त्यांचे म्हणणे मला पटले.

'कॅन्सल'ला दोघांनीही 'रद्द करा' लिहिले होते. मी सहज म्हणालो, सर, रद्द अरबी आहे. ते म्हणाले, "असेल. रद्दीवाल्याला सांग."

तारीख आणि दिनांक यावर मात्र अर्धा तास गेला. त्यांचे म्हणणे, सरकारी कागदावर दिनांक असतो, मुलांना पुढे तेच कागद भरायचे आहेत, त्यांची सवय इथेच होऊ दे. माझे म्हणणे, अर्ज भरताना शेजारी आई बसलेली असते, तिला तारीख कळते. मी शुहूर सनापर्यंत गेलो, ते सावरकरांपर्यंत गेले. शेवटी इंग्रजी नोंदीच नीट पाहिल्या तर पत्राच्या वरच्या कोपऱ्यातली नोंद वेगळी होती आणि जन्माची वेगळी. पत्रावर दिनांक ठेवला. अर्जात जन्मतारीख.

फायली नीट झाल्यावर अर्ज पुन्हा सुरू केले. पहिल्याच आठवड्यात दोन मुलांनी 'उपाधी'च्या चौकटीत 'सय्यद' लिहिले. मराठवाड्यातली मुले, शेख-सय्यद नावाच्या आधी लावायची सवय, त्यात त्यांचे काय चुकले? सरांचा शब्दही इथे पुरा पडला नाही. चौकट काढून तिथे श्री., श्रीमती, कुमारी अशी यादी दिली आणि ती रिकामी ठेवायची मुभा दिली. त्या मुलीचे पत्र दुसऱ्यांदा छापले तेव्हा तिने ती रिकामीच ठेवली होती.